जंगलातल्या जिवांचा पंचनामा कोण करणार? (ऑस्ट्रेलियातले वणवे)

अनघा_सिडनी | रविवार, ५ जानेवारी २०२०

(७ जानेवारीला धाग्याचं शीर्षक बदललं आहे. का ते खाली 'शिवार' यांच्या प्रतिसादात कळेल.)

काल सिडनीजवळच्या पेन्रिथला पारा ४८.९ अंशांवर गेला. आमचं घर तिथून गाडीने वीस मिनिटांवर. दारं-खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून आम्ही चौघं दिवसभर एकाच खोलीत बसून होतो. धाकट्याला दम्याचा त्रास, त्यामुळे इनहेलर हाताशी. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर दोरीवरच्या कपड्यांवर राख आणि तुळशीच्या कुंडीत एक अख्खं जळलेलं पान. निलगिरीचं. शिरासुद्धा दिसत होत्या. हात लावला आणि भुगा झाला.

सर्दी झाली की आपण रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकतो, ते तेल या झाडांच्या पानापानात असतं. इथल्या 'ब्लू माउंटन्स'वर जी निळसर धूसर छटा दिसते, तिचंही श्रेय याच तेलाला देतात. त्याच डोंगरांच्या उत्तरेला वोलेमाय अभयारण्यात २६ ऑक्टोबरला वीज पडली आणि गॉस्पर्स माउंटनची आग लागली. ती अजून विझलेली नाही. पाच लाख हेक्टरच्या वर जंगल एकट्या त्या आगीने खाल्लंय. व्हिक्टोरियात मॅलकूटा गावात ३१ डिसेंबरला सुमारे चार हजार माणसं समुद्रकाठी अडकली. सकाळी नऊला रात्रीसारखा काळोख, मग आभाळ लाल. शेवटी नौदलाचं जहाज आलं.

भारतातून रोज फोन येतात, 'तुम्ही बरे आहात ना?' आम्ही बरे आहोत, आणि मोबाइलवर जवळपासच्या आगी दाखवणारं 'फायर्स निअर मी' अ‍ॅप दर तासाला बघत राहतो. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. डिसेंबरात डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या मैत्रिणीचं सामान हलवायला गेलो होतो. भर दुपारी तिच्या अंगणातल्या नळाखाली एक वॉलबी उभी होती. वॉलबी म्हणजे लहान चणीचा कांगारू, माणसाची चाहूल लागली की पसार होणारा. ही हलेना. आम्ही चार पावलांवर, तरी नळाकडे बघत उभी. मैत्रिणीने परातीत पाणी ओतलं आणि आम्ही आत जाऊन दार लावून घेतलं. वॉलबीच्या पायांची कातडी सोललेली होती हे मला खिडकीतून दिसलं.

परवा सिडनी विद्यापीठाच्या प्रा. क्रिस डिकमन यांचा अंदाज आला. एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यात ४८ कोटी सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी या आगींच्या तडाख्यात सापडले असावेत. अठ्ठेचाळीस कोटी. कालपासून माझ्या डोक्यात मात्र ती एक वॉलबीच आहे. कुणाशी बोलावं कळेना, म्हणून इथे.

टिटवी | ५ जानेवारी २०२०

अनघाताई, आधी तुम्ही सगळे काळजी घ्या. लेकराला अजिबात बाहेर सोडू नका.

मॅलकूटाच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेलेल्या पक्ष्यांचे फोटो काल पाहिले. आमच्या पुण्यातल्या पक्षीमित्रांच्या गटात कुणीतरी टाकले होते. लोरिकीट म्हणजे सप्तरंगी पोपटच. समुद्राकडे उडाले असणार आणि धुरात खाली पडले असणार. गटात त्या फोटोंखाली कुणीच काही लिहिलं नाही.

एक विचारायचं आहे. हे ४८ कोटी कसे मोजले?

विवेक_मेलबर्न | ५ जानेवारी २०२०

टिटवी, मोजलेले नाहीत, हिशोब केलेला आहे. एका हेक्टर जंगलात साधारण किती सस्तन प्राणी, किती पक्षी, किती सरडे-साप असतात याचा अभ्यास डिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली केला होता. तेव्हा विषय जंगलतोडीचा होता. तीच घनता आता जळालेल्या क्षेत्राला लावली. यात वटवाघळं, बेडूक आणि किडे-मुंग्या धरलेल्या नाहीत.

आणि हे सगळे आगीतच मेले असं ते म्हणत नाहीत. काही जळाले, काही पळाले आणि उपाशी राहिले, काही उघड्यावर आल्यामुळे कोल्ह्या-मांजरांच्या तोंडी गेले. इथले कोल्हे आणि रानटी झालेली मांजरं ही दोन्ही युरोपियनांनी आणलेली. आग लागून गेली की शिकारीसाठी ती तिथे येतात.

रोखठोक | ६ जानेवारी २०२०

अनघा, तुमच्याबद्दल काळजी वाटते, ती आधी नोंदवतो. पण मनातलं बोलतो. माणसं मेली आहेत. स्वयंसेवक अग्निशामक मेले आहेत, दोघं तर तान्ह्या मुलांचे बाप. शेकडो घरांची राख झाली. अशा वेळी ज्याला मोजणारेच 'अंदाज' म्हणतात त्या आकड्यावर एवढं रडणं मला पटत नाही. जे कुणी पाहिलं नाही, मोजलं नाही, त्याचा शोक कसा करायचा?

शिवार | ६ जानेवारी २०२०

रोखठोक साहेब, मी शिरोळ तालुक्यातला. ऑगस्टात आमच्याकडं कृष्णा-पंचगंगेचा पूर आला ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. पाणी रात्रीत चढलं. दावी तोडून जनावरं सोडली आणि आम्ही माडीवर. दोन म्हशी आणि एक रेडी गेली. पाणी उतरल्यावर तलाठी आले, पशुवैद्य आले, पंचनामा झाला. पैसे किती मिळाले ते सोडा. पण कागदावर आलं की ह्या घरात दोन म्हशी आणि एक रेडी होती आणि ती पुरात गेली. माझ्या आईला त्या कागदाचं मोल पैशापेक्षा जास्त वाटलं. अजून ट्रंकेत ठेवलाय.

आमच्या उसात कोल्ही असायची, मुंगसं असायची. रानमांजर मी स्वतः बघितलंय. पुरात बाभळीच्या शेंड्याला साप गुंडाळून बसले होते, एकाच झाडावर पाच-सहा. नावेतून जाताना बघितले आम्ही. पाणी उतरलं तेव्हा त्यातलं काही दिसलं नाही. त्यांचा पंचनामा कुणी केला नाही. ती होती असं सांगणारा कागद कुठं नाही.

तिकडचा तो प्राध्यापक जे करतोय तो मला पंचनामाच वाटतो. मेलेलं जनावर समोर नसतानाचा. जंगलातल्या जिवांचा पंचनामा दुसरं कोण करणार?

अनघा_सिडनी | ७ जानेवारी २०२०

शिवार दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. धाग्याचं शीर्षक तुमच्या वाक्याने बदलतेय, चालेल ना?

शिवार | ७ जानेवारी २०२०

चालेल की ताई.

विवेक_मेलबर्न | ७ जानेवारी २०२०

शिवार यांच्या पुरावरून एक सांगायला हवं, कारण ही दोन संकटं एकमेकांना अनोळखी नाहीत.

२०१९ साली हिंद महासागरात 'इंडियन ओशन डायपोल' फार जोरात होता. सोप्या भाषेत: आफ्रिकेकडचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडचं थंड. गरम पाण्याकडे ढग, थंड पाण्याकडे कोरड. भारतात मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला आणि त्याची परतीची वाट ९ ऑक्टोबरला, म्हणजे कमालीची उशिरा सुरू झाली. ऑगस्टच्या पुराचा दोष सरळ डायपोलवर टाकता येणार नाही, त्यात धरणं, नदीपात्रं, चार दिवसांचा मुसळधार पाऊस हे सगळं येतं. पण ऑक्टोबरात सोयाबीन-द्राक्षं ज्या पावसाने गेली, तो रेंगाळलेला पाऊस आणि इथली कोरड यांची नाळ एकाच समुद्राशी जोडलेली आहे. तिकडे जो पाऊस जास्तीचा पडला तोच आम्हाला मिळाला नाही, असं मी मुलीला समजावलं. शास्त्र इतकं सरळ नाही, पण तिला कळलं.

त्यात दीर्घकाळ वाढत चाललेलं तापमान. ऑस्ट्रेलियात नोंदी सुरू झाल्यापासून २०१९ इतकं उष्ण आणि इतकं कोरडं वर्ष झालेलं नाही. १८ डिसेंबरला अख्ख्या देशाच्या कमाल तापमानाची सरासरी ४१.९ अंश होती. वाळवंट, डोंगर, किनारा सगळं धरून.

गोधडीवाली | ८ जानेवारी २०२०

मी नाशिकची. वय ६८. नातीने हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, तिकडे आई गेलेल्या कांगारूच्या पिलांसाठी कापडी पिशव्या शिवतात. माझ्याकडे मऊ झालेल्या सुती साड्या पुष्कळ आहेत आणि मशीन चालू आहे. माप कळवलंत तर पन्नास पिशव्या आठवड्यात होतील. पाठवायच्या कशा ते नात बघेल.

अनघा_सिडनी | ८ जानेवारी २०२०

आजी, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पिशवीबद्दल नातीने सांगितलं ते खरं आहे. पिलाला जोई म्हणतात. त्याला आईच्या पोटातल्या पिशवीसारखी अंधारी, उबदार जागा लागते. आत सुती अस्तर, बाहेर लोकरी पिशवी, आणि शिवण आत येता कामा नये, कारण धाग्यात नखं अडकतात. म्हणजे गोधडीचा हात असलेल्या बाईचंच काम. पण जगभरातून इतक्या पिशव्या आल्या आहेत की इथले लोक आता पुरे म्हणताहेत. टपालखर्च पिशवीहून जास्त होईल. तुम्ही शिवू नका असं म्हणवत नाही मला, पण पाठवू नका.

डॉ_वनिता | ८ जानेवारी २०२०

आजींनी त्या पिशव्या शिवून ठेवाव्यात असं मी म्हणेन. मी विदर्भात पशुवैद्य आहे. मार्च ते मे आमच्याकडे अनाथ पिलं येतात, खारीची, उदमांजराची, कधी सशाची. त्यांनाही अंधारी, उबदार पिशवीच लागते. नातीला मला निरोप पाठवायला सांगा.

कोआला मी हाताळलेला नाही. पण भाजलेली जनावरं हाताळली आहेत आणि तिकडच्या पशुवैद्यांचं वाचतेय. कांगारू पळू तरी शकतो, कोआला पळत नाही. धोका दिसला की झाडाच्या शेंड्याला जाऊन अंगाचा गोळा करतो. आग खालून गेली तर वाचतो, शेंड्यापर्यंत आली तर काहीच उरत नाही. वाचलेला खाली उतरतो तो धुमसणाऱ्या बुंध्यावरून, म्हणून चारही पंजे भाजतात. पंजे गेले की चढणं गेलं, आणि चढणं गेलं की खाणं गेलं, कारण तो निलगिरीच्या पानांशिवाय जवळजवळ काही खात नाही. रोज मलमपट्टी, वेदनाशामक, आणि रोज ताजी पानं तोडून आणायची, तीही त्याला चालतील त्याच जातीची. महिनोन् महिने चालणारं काम आहे हे. काहींना कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यावं लागतं. बाईने अंगावरचा शर्ट काढून आगीतून उचलून आणलेला 'लुइस' नावाचा कोआला नोव्हेंबरात जगभर दिसला. पोर्ट मॅक्वारीच्या कोआला रुग्णालयात त्याला शेवटी तसंच निरोप द्यावा लागला. ज्या पशुवैद्याने ते केलं असेल तिच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं.

एक कळकळीची विनंती. कोआलाला बाटलीने पाणी पाजण्याचे व्हिडिओ फिरताहेत. मान वर करून तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. उथळ भांड्यात पाणी जमिनीवर ठेवा, आत एक दगड किंवा काटकी ठेवा म्हणजे लहान जीव पडला तरी चढून बाहेर येईल. आपल्याकडे उन्हाळ्यात पाखरांसाठी गच्चीवर ठेवतो तेव्हाही हेच करावं.

टिटवी | ९ जानेवारी २०२०

आकडा वाढला. डिकमन यांनीच सुधारून सांगितलंय, न्यू साउथ वेल्समध्ये ८० कोटींच्या वर, देशभरात १०० कोटींच्या वर.

व्हॉट्सअ‍ॅपवर हेही आलंय: वॉम्बॅट (बिळात राहणारा तिथला गुबगुबीत प्राणी) आगीतून इतर प्राण्यांना गोळा करून आपल्या बिळात नेतात. खरं आहे का हे? खरं असावं असं फार वाटतंय.

विवेक_मेलबर्न | ९ जानेवारी २०२०

गोळा करून नेत नाहीत. पण मूळ धागा खरा आहे. वॉम्बॅटची बिळं खोल, लांब, अनेक तोंडांची असतात. वर आग असताना आत गारवा राहतो. वॉलबी, सरडे, छोटे सस्तन प्राणी त्यात आसरा घेतात आणि वॉम्बॅट त्यांना हाकलत नाही. मला तर ही खरी गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा जास्त आवडली.

दोन गोष्टी मात्र पुढे पाठवू नका. एक, अख्खा ऑस्ट्रेलिया केशरी पेटलेला दाखवणारा 'उपग्रहाचा फोटो'. तो फोटो नाही, महिनाभराच्या आगींच्या नोंदी एकत्र करून काढलेलं चित्र आहे. दोन, 'जवळपास २०० जणांनी आगी लावल्या, हवामानाचा संबंध नाही'. पोलिसांनी न्यू साउथ वेल्समध्ये १८३ जणांवर कारवाई केली हे खरं, पण मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप त्यातल्या २४ जणांवर आहे. बाकी बंदी असताना शेकोटी करणारे, पेटती सिगरेट टाकणारे वगैरे.

शिवार | १० जानेवारी २०२०

दक्षिण ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरमधून उंट मारायला सुरुवात केली म्हणे. दहा हजारांपर्यंत मारणार. एकीकडं कोआलाला मलमपट्टी आणि दुसरीकडं हे. मला काही उमजेना.

अनघा_सिडनी | १० जानेवारी २०२०

दादा, ते आगीमुळे नाही, दुष्काळामुळे. तो भाग फार दूर, वाळवंटी, तिथल्या आदिवासींच्या मालकीचा. उंट मूळचे इथले नाहीत. एकोणिसाव्या शतकात सामान वाहायला बरेचसे हिंदुस्तानच्या बाजूनेच आणले, मोटारी आल्यावर रानात सोडून दिले. आता पाण्याच्या शोधात हजारोंनी वस्त्यांवर येतात, टाक्या-नळ तोडतात, पाणवठ्यात मरून पडतात आणि ते पाणी कुणालाच पिता येत नाही. तिथल्या लोकांनीच मागणी केली. मला कारण पटतं, आणि तरी त्या रात्री मला झोप आली नाही. मारलेल्या उंटांची मोजदाद होईल एवढं नक्की.

टिटवी | १६ जानेवारी २०२०

आज एक चांगली बातमी, म्हणून धावत आले. वोलेमाय पाइन वाचले!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे झाड डायनासोरच्या काळातलं. फक्त जीवाश्मांमधून माहीत होतं, संपलं असंच सगळे समजत होते. १९९४ मध्ये सिडनीपासून फार लांब नसलेल्या एका घळीत ते जिवंत सापडलं. रानात वाढलेली मोठी झाडं दोनशेहूनही कमी, आणि घळ कुठे आहे ते गुप्त ठेवलेलं. अनघाताईंनी लिहिलेली गॉस्पर्स माउंटनची आग तिकडेच सरकत होती. तर विमानांतून आगरोधक द्रव्य टाकलं, हेलिकॉप्टरमधून माणसं दोरीने घळीत उतरवली, झाडांच्या मुळांशी पाणी देण्याची व्यवस्था उभी केली. दोन-चार झाडं गेली, काही होरपळली, बाकी उभी आहेत. हे सगळं होईपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आणि कड्यांवर राहणाऱ्या रॉक वॉलबींसाठी हेलिकॉप्टरमधून गाजरं आणि रताळी टाकताहेत, पहिल्याच आठवड्यात दोन हजार किलोंहून जास्त. आगीतून त्या वाचतात, पण चारा जळालेला असतो. आभाळातून गाजर पडताना त्यांना काय वाटत असेल!

अनघा_सिडनी | २४ जानेवारी २०२०

काल इथल्या कूमा गावाजवळ आग विझवणारं विमान कोसळलं. तिघेही अमेरिकन गेले. दुसऱ्या देशाची आग विझवायला आले होते ते. आज इतकंच.

रोखठोक | २४ जानेवारी २०२०

श्रद्धांजली.

विवेक_मेलबर्न | ११ फेब्रुवारी २०२०

सिडनीत पाऊस! चार दिवसांत ३९० मिलिमीटरच्या वर. तीस वर्षांत असा झाला नव्हता. महिनोन् महिने न विझलेल्या आगी विझल्या.

आणि मी परवा मेलबर्नच्या जंक्शन ओव्हल मैदानावर होतो. आगग्रस्तांच्या मदतीसाठी 'बुशफायर बॅश' सामना. आपला सचिन पाँटिंगच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून आला होता. मधल्या वेळात पिवळा शर्ट घालून बॅट घेऊन उतरला, खांदा दुखत असताना. एलिस पेरीच्या पहिल्याच चेंडूवर चौकार. माझ्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा बसले होते, त्यांच्या भावाचं घर गिप्सलँडमध्ये जळालं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि रडत होते. मीही.

अनघा_सिडनी | ११ फेब्रुवारी २०२०

पाऊस आला तेव्हा शेजारपाजारचे सगळे रस्त्यावर येऊन भिजले. पण विवेक, पाण्याबरोबर डोंगरांवरची राख ओढ्या-नद्यांत उतरतेय. पाणी काळं, प्राणवायू संपलेला, मासे वर येऊन मरताहेत. आगीतून वाचलेला मासा पावसाने मेला.

सह्यभटक्या | ८ मार्च २०२०

उशिरा लिहितोय. कालच जुन्नरच्या बाजूच्या एका डोंगरावरून आलो. अर्धा उतार काळा. इथे वीज पडून आग लागत नाही. 'गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं' म्हणून लावतात, कुणी शिकारीसाठी, कुणी विडी टाकून. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपला वणव्याचा हंगाम. वनखातं जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) काढतं, वणवारक्षक नेमतं, गावातली पोरं ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात.

उतरताना एक घोरपड मिळाली. जळालेली, बिळाच्या तोंडाशी, डोकं आत. हातभर अंतर कमी पडलं तिला. जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोल-तित्तिरांची अंडी किती गेली असतील ते तर कळणारच नाही. वर्तमानपत्रात येतं 'अमुक हेक्टर गवत जळाले'. गवत.

शिवार | ८ मार्च २०२०

फोटो काढला का घोरपडीचा? तारीख आणि जागा लिहून ठेवा.

सह्यभटक्या | ८ मार्च २०२०

काढलाय. लिहिलं आत्ताच.

रोखठोक | १२ एप्रिल २०२०

सगळे घरात कोंडलेले आहोत, त्यामुळे हा धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. जानेवारीत मी जे लिहिलं त्यावर बोलायचंय.

आगीत प्रत्यक्ष गेलेली माणसं ३३. आता ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एका वैद्यकीय नियतकालिकात धुराचा हिशोब मांडलाय. पूर्व ऑस्ट्रेलियात त्या काही महिन्यांत धुरामुळे सुमारे ४१७ माणसं जास्तीची मेली असावीत. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर धूर लिहिलेला नाही. हृदयविकार असेल, दमा असेल. कुणीही एकेकाला मोजलेलं नाही. हवेतले कण, लोकसंख्या, नेहमीचं मृत्युप्रमाण यांवरून काढलेला अंदाज आहे.

हा आकडा वाचताना मी एकदाही म्हणालो नाही की अंदाजच आहे, कशाला रडायचं. माझी आई दम्याने गेली. शिवार, तुमचं म्हणणं मला जानेवारीत कळलं नव्हतं. आता कळलं. अनघा, धाकटा कसा आहे?

अनघा_सिडनी | १२ एप्रिल २०२०

बरा आहे, रोखठोक. विचारलंत, बरं वाटलं. तीन महिने इनहेलर रोज होता, आता आठवड्यातून एकदा लागतो.

डॉ_वनिता | २ जून २०२०

अभिनेत्री सेलेस्ट बार्बर हिने फेसबुकवरून जमवलेले ५.१ कोटी डॉलर न्यायालयाने अडवले का, असं कुणीतरी निरोपातून विचारलं. अडवले नाहीत. पैसे न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलाच्या, म्हणजे रूरल फायर सर्व्हिसच्या, निधीच्या नावावर गोळा झाले होते आणि त्या निधीच्या नियमांत जनावरांसाठी किंवा इतर संस्थांसाठी खर्च बसत नाही. देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात भाजलेले कोआलाही होते, पण कागदावर लिहिलेलं तेच चालतं. देणगी देताना पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातात ते वाचा. आजींच्या ३२ पिशव्या मला पोचल्या, त्यातल्या दोनमध्ये आत्ता मुंगसाची पिलं झोपली आहेत.

टिटवी | २९ जुलै २०२०

काल 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' या संस्थेने दहा संशोधकांकडून करून घेतलेली मोजणी जाहीर झाली, त्यातही डिकमन आहेत. जवळजवळ ३०० कोटी प्राणी. मेलेले किंवा हुसकावले गेलेले. वेगवेगळे आकडे:

सस्तन प्राणी १४.३ कोटी, पक्षी १८ कोटी, बेडूक ५.१ कोटी, आणि सरपटणारे २४६ कोटी.

मी तो शेवटचा आकडा तीनदा वाचला. दहातले जवळजवळ नऊ जीव सरडे, पाली, साप. सात महिन्यांत मी शेकडो फोटो पाहिले असतील या आगीचे. कोआला, कांगारू, पोपट. सरड्याचा एकही आठवत नाही.

शिवार | २९ जुलै २०२०

बाभळीवरचे साप आठवले. पंचनाम्यात ते आले एकदाचे.

विवेक_मेलबर्न | ३० जुलै २०२०

बेडकांचा आकडा कमी दिसतो, पण जळालेल्या सगळ्याच भागांतल्या बेडकांची माहिती हाताशी नव्हती. मासे आणि कीटक तर धरलेलेच नाहीत. त्यामुळे हा पंचनामाही अपुरा आहे हे सांगून ठेवतो. कांगारू बेटाचं उदाहरण घ्या. जवळजवळ अर्धं बेट जळालं. फोटो कोआलांचे आले, आणि त्यांचे हाल झाले हे खरंच. पण कोआला तिथे विसाव्या शतकात माणसांनी आणलेला. त्या बेटाशिवाय जगात कुठेच नसलेला 'डनार्ट' हा उंदराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी मात्र कुणाला माहीत नव्हता. त्याचं बहुतेक सगळं घर गेलं. आता वाचलेले शोधायला कॅमेरे लावलेत आणि जंगलाच्या शिल्लक तुकड्यांभोवती मांजरांपासून रक्षणासाठी कुंपण घालताहेत.

अनघा_सिडनी | १३ फेब्रुवारी २०२२

दीड वर्षाने धागा वर काढतेय. परवा, ११ तारखेला, क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात कोआलाला अधिकृतपणे 'संकटग्रस्त' ठरवलं. दहा वर्षांपूर्वी तो 'असुरक्षित' होता, आता एक पायरी खाली. आगीत देशभर साठ हजारांच्या वर कोआला सापडले असा नंतरचा हिशोब आहे. आगींच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने जळालेलं क्षेत्र २.४ कोटी हेक्टरच्या वर धरलंय. शिवार दादा, आपल्या महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून जास्त होतं ते.

काल मैत्रिणीकडे गेलो होतो, तिचं घर वाचलंय. मागचा उतार आता हिरवा, पण विचित्र हिरवा. निलगिरीच्या काळ्या बुंध्यांना थेट सालीतूनच पालवी फुटलीय, खालपासून वरपर्यंत, जणू झाडाला लोकर आली आहे. सालीखाली झोपलेले डोळे असतात, आग लागली की ते जागे होतात. बँक्सिया या इथल्या झाडाच्या बऱ्याच जातींची बोंडं आगीनेच उघडतात. या झाडांना आग नवी नाही. इथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं थंड हंगामात, थोडी थोडी, पायी चालत रान जाळलं, ते ज्ञान आता पुन्हा विचारायला लागलेत. पण ओढ्याकाठचा, कधीच न जळणारा ओला भाग जळाला, तिथे मोठी झाडं परत आलेली नाहीत. नेचे आलेत फक्त.

वॉलबी दिसली नाही. नळाखाली परात अजून ठेवलेली असते.

संध्याकाळी ओढ्यावर गेलो. दोन वर्षं पाऊस भरपूर, त्यामुळे पाणी आहे. धाकट्याने ऑस्ट्रेलियन म्युझियमचं 'फ्रॉगआयडी' अ‍ॅप घेतलंय. बेडकाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, तिकडची माणसं ऐकून जात ओळखतात आणि नकाशावर तारीख-जागेसह नोंद होते. जळालेल्या भागातून अशा नोंदी लोकांनी आगीनंतर लगेच पाठवायला सुरुवात केली होती. त्याने अर्धा तास फोन धरून ठेवला, श्वास रोखून. दम्याचं पोर ते.

शिवार | १३ फेब्रुवारी २०२२

कोणता बेडूक निघाला ताई?

अनघा_सिडनी | १५ फेब्रुवारी २०२२

आज उत्तर आलं, दादा. 'कॉमन ईस्टर्न फ्रॉगलेट'. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, अगदी साधा, सगळीकडे सापडणारा. एकाच रेकॉर्डिंगमध्ये बरेच होते. धाकट्याने तुम्हाला कळवायला सांगितलंय की नोंद झाली.